विकल्यानंतर काढून घेतलेली सोय : स्पीकरगटाच्या आवाजाच्या वादाची पार्श्वभूमी

जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात गूगलने आपले स्मार्ट स्पीकर वापरणाऱ्यांना कळवले की स्पीकरांच्या गटाचा आवाज यापुढे एका स्लायडरने कमी-जास्त करता येणार नाही, प्रत्येक स्पीकरचा आवाज स्वतंत्रपणे ठरवावा लागेल, आणि फोनच्या कडेच्या बटणांनीही गटाचा आवाज बदलणार नाही. काही थोड्या ग्राहकांना उपकरण जोडण्यासाठी किंवा अद्ययावत करण्यासाठी एक वेगळे ॲप उतरवून घ्यावे लागेल, असेही त्याच सूचनेत होते. कारण म्हणून नुकत्याच लागलेल्या एका कायदेशीर निर्णयाकडे बोट दाखवण्यात आले. वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेली सोय एका सूचनेने गेली आणि तिची भरपाई कोण देणार, याबद्दल सूचनेत अवाक्षरही नव्हते.

ही सोय किरकोळ वाटू शकते, पण एकाहून अधिक स्पीकर घेणाऱ्याने ते बहुधा तिच्यासाठीच घेतलेले असतात. दिवाणखान्यातला मोठा स्पीकर आणि स्वयंपाकघरातला लहान स्पीकर एकाच पातळीवर ठेवले तर एक कानठळ्या बसवतो आणि दुसरा ऐकूच येत नाही. म्हणून प्रत्येकाची पातळी एकदा जुळवायची आणि नंतर गटाच्या स्लायडरने ते प्रमाण राखून सगळ्यांचा आवाज एकदम वर-खाली करायचा, अशी ती रचना होती. दाराची घंटा वाजली किंवा मूल झोपले की पाच खोल्यांतला आवाज एका हालचालीत खाली येई. स्लायडर गेल्यावर तेच काम पाच वेळा करावे लागू लागले आणि जुळवलेले प्रमाणही दर वेळी बिघडू लागले.

निर्णय झाला तो सोनॉस या कंपनीच्या तक्रारीवर. वेगवेगळ्या खोल्यांतले स्पीकर घरातल्या नेटवर्कवरून एकाच लयीत वाजवण्याच्या तंत्रावर ही कंपनी २००२ पासून उभी आहे आणि तिची पहिली उपकरणे २००५ मध्ये बाजारात आली. २०१३ च्या सुमारास गूगलची संगीतसेवा सोनॉसच्या स्पीकरांवर आणण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी एकत्र काम केले. त्या काळात आपले तंत्र समोरच्याला जवळून पाहता आले, असा आरोप सोनॉसने पुढे केला. जानेवारी २०२० मध्ये तिने एकाच वेळी दोन दारे ठोठावली: लॉस एंजेलिसमधले न्यायालय आणि आयात व्यापाराचे प्रश्न हाताळणारा वॉशिंग्टनमधला आयोग. आणखी एका बलाढ्य स्पर्धकाविरुद्धही आपली तक्रार आहे, पण दोघांशी एकाच वेळी लढणे झेपणार नाही, असे तिच्या अधिकाऱ्यांनी तेव्हाच सांगितले होते.

आयोगाकडे जाण्याची ही वाट नीट पाहिल्याशिवाय पुढचा घोळ उलगडत नाही. १९३० च्या अमेरिकी जकात कायद्यातील कलम ३३७ नुसार, पेटंटचा भंग करणारा माल देशात येण्यापासून हा आयोग रोखू शकतो, मात्र तो नुकसानभरपाई देऊ शकत नाही. देशी उद्योगाला अनुचित आयातीपासून वाचवण्यासाठी लिहिलेले हे कलम. आज जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तू परदेशात जुळवली जात असल्यामुळे दोन अमेरिकी कंपन्यांच्या भांडणातही ते चपखल बसते, आणि न्यायालयापेक्षा इथे निकाल लवकर लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये प्राथमिक निष्कर्ष गूगलच्या विरोधात गेला. ६ जानेवारी २०२२ रोजी अंतिम निर्णय आला: पाच पेटंटांचा भंग झाला आहे आणि भंग करणाऱ्या मालाची आयात थांबवावी. राष्ट्राध्यक्षांना फेरविचारासाठी मिळणारी ६० दिवसांची मुदत संपल्यावर आदेश लागू व्हायचा होता. पाच पेटंटांपैकी एक गटाच्या आवाजाच्या नियंत्रणाबद्दलचे होते.

या निर्णयातला सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग असा की गूगलने आयोगासमोर मांडलेल्या पर्यायी रचनांना आयोगाने हिरवा कंदील दाखवला होता. पेटंटाला वळसा घालणारी नवी रचना आयात करता येईल, असे त्यातून ठरले. म्हणजे माल बंदरात अडकण्याचा धोका कंपनीने वेळेवर टाळला होता, आणि तो टाळण्याची किंमत ग्राहकाने मोजली, कारण आवाजाच्या बाबतीतली ‘पर्यायी रचना’ म्हणजे प्रत्यक्षात ती सोय वजा करणे हीच होती. सोनॉसचे म्हणणे होते की गूगलने रीतसर परवाना घेऊन रॉयल्टी द्यावी, ग्राहकांचा अनुभव खराब करून पैसे वाचवू नयेत. गूगलचे म्हणणे होते की ही पेटंटे मुळातच तकलादू आहेत आणि भागीदारीत झालेल्या कामावर समोरची कंपनी एकटीच हक्क सांगत आहे. दोन्ही बाजूंनी ग्राहकाचे नाव घेतले, पण ग्राहक या प्रकरणात पक्षकार नव्हता आणि त्याचे काय नुकसान होईल, याचा हिशेब कोणालाही मांडावा लागला नाही.

सोय कोणी काढली, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच आजही दोन प्रकारे दिले जाते. एक गट म्हणतो की आयोगाने निर्णय दिला आणि कंपनीने तो पाळला. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. आदेशाचा रोख देशात येणाऱ्या आणि तिथे विकल्या जाणाऱ्या मालावर होता, तर स्लायडर गेला तो आधीच विकल्या गेलेल्या, पैसे चुकते झालेल्या स्पीकरांमधूनही. सगळ्या उपकरणांसाठी एकच सॉफ्टवेअर ठेवणे कंपनीला सोयीचे असते आणि जुन्या स्पीकरांसाठी वेगळी आवृत्ती सांभाळणे कायदेशीरदृष्ट्याही जोखमीचे असते, हे मान्य करावे लागेल. तरीही परवाना घेणे, रचना बदलून तोच परिणाम साधणे आणि सोय काढून टाकणे या तीन वाटांपैकी कोणती धरायची, ही निवड कंपनीची होती. प्राथमिक निष्कर्षापासून अंतिम निर्णयापर्यंत जवळजवळ पाच महिने हाताशी होते. त्या काळात सणासुदीच्या खरेदीचा हंगाम येऊन गेला आणि स्पीकर घेणाऱ्यांना पुढे काय होऊ शकते याची कल्पना दिली गेली नाही.

सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या वस्तूतून विक्रीनंतर सोय काढण्याचा प्रकार स्मार्ट स्पीकरांपासून सुरू झाला नाही. एप्रिल २०१० मध्ये एका लोकप्रिय गेम कन्सोलच्या अपडेटने त्यावर दुसरी कार्यप्रणाली चालवण्याची सोय काढली. सुरक्षिततेचे कारण देण्यात आले आणि अमेरिकेतल्या ग्राहकांनी गुदरलेला सामूहिक दावा मिटायला काही वर्षे गेली. २०१६ मध्ये घरातली उपकरणे जोडणारे एक केंद्रयंत्र निर्मात्याने पूर्णच बंद केले. त्या प्रकरणांचा ताप मुख्यतः हौशी तंत्रप्रेमींना झाला. स्पीकरांच्या बाबतीत तो साध्या घरांपर्यंत पोहोचला, एवढाच त्यातला फरक.

गटाच्या वादाचा पुढचा अंक सॅन फ्रान्सिस्कोत झाला. या वेळी प्रश्न होता एकच स्पीकर एकाहून अधिक गटांत ठेवण्याचा, म्हणजे स्वयंपाकघरातला स्पीकर ‘तळमजला’ आणि ‘सगळे घर’ या दोन्ही गटांत असण्याचा. मे २०२३ मध्ये ज्युरीने सोनॉसला सुमारे ३ कोटी २५ लाख डॉलर मंजूर केले. ही रक्कम दर उपकरणामागे २ डॉलर ३० सेंट या दराने, १ कोटी ४० लाखांहून अधिक उपकरणांवर काढलेली होती. एका सोयीचा दर असा जाहीरपणे ठरण्याचे प्रसंग विरळाच, आणि तो आकडा पाहिल्यावर ग्राहकांचा संताप का वाढला हे समजते: जी गोष्ट टिकवण्याचा खर्च ज्युरीच्या मते स्पीकरमागे अडीच डॉलरही नव्हता, ती त्यांच्याकडून काढून घेतली जात होती. निकालानंतर गूगलने एक स्पीकर एकाच गटात, अशी मर्यादा घातली आणि ज्यांनी घरभर गटांची रचना बसवली होती त्यांना ती मोडून पुन्हा मांडावी लागली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ज्युरीचा निकाल रद्द केला. पेटंटाचा मूळ अर्ज २००६ चा असला तरी या सोयीवर नेमका हक्क सांगणारी कलमे २०१९ मध्ये पुढे आली. दरम्यान गूगलने २०१४ मध्ये आपली योजना सोनॉसला सांगितली होती आणि २०१५ पासून उत्पादनेही आणली होती. इतका विलंब करून दुसऱ्याने बाजारात आणलेल्या गोष्टीवर मागाहून हक्क सांगता येणार नाही, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. लगेचच गूगलने गटांची सोय परत आणली. हे परत येणे ज्या वेगाने झाले, त्यावरून सोय तांत्रिकदृष्ट्या कधीच अशक्य झाली नव्हती, हे उघड दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अपिलात विलंबाबाबतचा तो निष्कर्षही उलटला: विलंबामुळे गूगलचे नुकसान झाल्याचे सिद्ध झालेले नाही, असे वरिष्ठ न्यायालयाने म्हटले. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की घरातला स्पीकर किती गटांत राहू शकतो हे अजूनही त्याला कधी न दिसणाऱ्या कागदपत्रांवर अवलंबून आहे.

पेटंटाचा निमित्त म्हणून उपयोग होत नसतानाही सोयी काढल्या जातात, हे २०२४ ने दाखवले. जानेवारीत गूगलने आपल्या आवाजी सहायकातल्या १७ सोयी कमी वापराच्या म्हणून बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यांत स्पीकरवर गाणे किंवा रेडिओ लावून उठवणारा गजर होता, पाककृतींचा संग्रह होता, आवाजाने चालणारे स्टॉपवॉचही होते. कमी वापर हे कारण ऐकायला वाजवी वाटते, पण ज्या घरात हात पिठात असताना किंवा दृष्टी अधू असल्यामुळे आवाजानेच काम करावे लागते, त्या घरात ‘कमी वापरली जाणारी’ सोय रोजची असू शकते. सरासरीच्या तक्त्यात हे घर दिसत नाही.

मे महिन्यात मात्र खुद्द सोनॉसनेच आपल्या ग्राहकांवर तीच पाळी आणली. ७ मे २०२४ रोजी तिने आपले ॲप मुळापासून नव्याने लिहून प्रसिद्ध केले आणि त्यात झोपेचा टायमर, गजर सांभाळण्याची सोय, गाण्यांच्या रांगेत फेरफार करणे आणि स्वतःच्या संगीतसंग्रहात शोध घेणे या गोष्टी नव्हत्या. अंध वापरकर्त्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांच्या मदतीने हे ॲप धड वापरता येत नव्हते. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आधी याला ‘धाडस’ म्हणत समर्थन केले आणि त्या एका शब्दाने ग्राहक अधिकच चिडले. दुसऱ्याने आपल्या कल्पना वापरून ग्राहकांना दिलेली सोय न्यायालयात जाऊन थांबवणारी कंपनी स्वतःच्या ग्राहकांची सोय कोणत्याही न्यायालयाने न सांगता काढते, हा विरोधाभास अनेकांच्या नजरेतून सुटला नाही, आणि सुटायला नकोही होता.

जुने ॲप परत द्या, ही ग्राहकांची मागणी साधी होती. ते देता येत नाही, हे उत्तर ऑगस्टमध्ये मिळाले. नव्या ॲपबरोबर स्पीकरांच्या आतले आणि कंपनीच्या सर्व्हरवरचे सॉफ्टवेअरही बदलले होते, त्यामुळे जुने ॲप आता आणखी बिघाड करील, असे चाचण्यांतून आढळल्याचे सांगण्यात आले. वस्तू विकत घेणाऱ्याच्या ताब्यात नेमके काय राहते, या प्रश्नाला इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळाले असेल. जुलैत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने जाहीर माफी मागितली. दुरुस्तीचा खर्च २ ते ३ कोटी डॉलर सांगितला गेला. दोन नवी उत्पादने पुढे ढकलली गेली. सुमारे १०० कर्मचारी कमी करण्यात आले. आणि जानेवारी २०२५ मध्ये तो अधिकारी पायउतार झाला. काढलेल्या बहुतेक सोयी हप्त्याहप्त्याने परत आल्या. याच कंपनीने २०२० च्या सुरुवातीलाही जुन्या उपकरणांचे अपडेट थांबवण्याची घोषणा करून दोनच दिवसांत माफी मागितली होती, हे जुन्या ग्राहकांच्या पक्के लक्षात होते.

कायदा या सगळ्याच्या मागून चालला आहे. युरोपीय संघाचे डिजिटल सेवा आणि सॉफ्टवेअर असलेल्या वस्तू यांविषयीचे दोन निर्देश १ जानेवारी २०२२ पासून, म्हणजे आयोगाच्या निर्णयाच्या बरोबर पाच दिवस आधी, लागू झाले. पहिल्यात मोलाची तरतूद आहे: सेवेत असा बदल झाला की ग्राहकाचे नुकसान किरकोळ नाही, तर तो ३० दिवसांत करार रद्द करू शकतो. पण वस्तूबरोबरच विकले गेलेले, तिच्यात बसवलेले सॉफ्टवेअर या पहिल्या निर्देशातून वगळलेले आहे. ते दुसऱ्यात येते, आणि त्या दुसऱ्या निर्देशात अपडेट देत राहण्याचे बंधन असले तरी करार रद्द करण्याची ही तरतूद नाही. ज्या वस्तूला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, तीच या फटीत पडली. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सुरक्षा-अपडेट किमान किती काळ मिळतील हे सांगणे बंधनकारक केले, मात्र त्यात सोयी टिकवण्याविषयी काही नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सरकारी आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी १८४ स्मार्ट उत्पादने तपासली, तेव्हा जवळजवळ ८९ टक्के उत्पादनांच्या संकेतस्थळावर अपडेट किती काळ मिळतील याची माहितीच नव्हती.

मार्च २०२५ मधला बदल या मालिकेतला वेगळा म्हणायला हवा. त्या महिन्याच्या २८ तारखेपासून ॲमेझॉनने आपल्या निवडक एको उपकरणांवरची, आवाजाचे ध्वनिमुद्रण कंपनीकडे न पाठवता उपकरणातच त्यावर प्रक्रिया करण्याची निवड बंद केली. ती मुळात अमेरिकेत, इंग्रजीत आणि मोजक्याच मॉडेलवर उपलब्ध होती. कारण दिले गेले ते नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला सर्व्हरवरची ताकद लागते, हे. यापूर्वीच्या प्रकरणांत ग्राहकाला काही करता येईनासे झाले होते. इथे त्याला काही नाकारता येईनासे झाले. ज्यांनी ही निवड चालू ठेवली होती, त्यांच्या सेटिंगची जागा आपोआप ‘ध्वनिमुद्रण जतन करू नका’ या पर्यायाने घेतली: आवाज कंपनीकडे जातो आणि प्रक्रिया झाल्यावर पुसला जातो.