पेरूच्या सहलीआधी: इंकांची गोष्ट

नमस्कार मंडळी,

पेरूची सहल पक्की झाली की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला, माचू पिच्चूला किती वेळ मिळणार? दुसरा जेवणाचा. इंकांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. मग इंकांची राजधानी असलेल्या कुस्कोत गाइड भराभर नावं घेऊ लागला की पाचाकुती कोण आणि अताहुआल्पा कोण, याचा गोंधळ उडतो. म्हणून हे माहितीपत्रक. विमानात वाचलंत तरी चालेल, प्रवास लांबचा आहे.

तीन पिढ्यांचं राज्य

इंका म्हणजे हजारो वर्षांची पुरातन संस्कृती, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. अँडीज पर्वतात त्यांच्या आधी मोचे, नाझ्का, वारी, तिवानाकू अशा कितीतरी संस्कृती होऊन गेल्या. इंका हे कुस्कोच्या खोऱ्यातले छोटे संस्थानिक. परंपरेने सांगतात ते असं: १४३८ च्या सुमारास शेजारच्या चांका लोकांनी कुस्कोवर चाल केली, म्हातारा राजा शहर सोडून गेला आणि त्याच्या मुलाने ते राखलं. तोच पाचाकुती. तो, त्याचा मुलगा तुपाक युपांकी आणि नातू वायना कापाक या तिघांनी आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत, सुमारे ४,००० किलोमीटर लांबीचं राज्य उभं केलं. सगळा खेळ शंभर वर्षांच्या आत आटोपला.

माचू पिच्चू ही पाचाकुतीची खासगी जहागीर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे राजधानी नव्हे, किल्लाही नव्हे. ती जागा सुंदर आहे यात वादच नाही, पण इंकांचं राज्य कसं चालायचं हे समजून घ्यायचं असेल तर आमचं मत कुस्कोजवळच्या ओयांतायतांबो या गावाच्या बाजूने पडेल.

कोठारं, रस्ते आणि वाळवलेले बटाटे

ओयांतायतांबोला गावासमोरच्या उभ्या डोंगरावर दगडी इमारती दिसतील. ती धान्याची कोठारं. डोंगरावरचा थंड वारा आतून खेळावा म्हणून इतक्या उंचावर बांधलेली. अशी कोठारं राज्यभर होती. मध्य पेरूतल्या हाउहा गावाच्या परिसरात तर ती हजारावर होती.

इंकांकडे पैसा नव्हता. कर द्यायचा तो अंगमेहनतीने. प्रत्येक घराने ठरावीक काळ सरकारी शेतात, रस्त्यावर, खाणीत किंवा सैन्यात राबायचं. याला ते मिता म्हणत. म्हटलं तर वेठच, पण कामावर असलेल्यांना खाऊपिऊ घालणं हे सरकारचं काम होतं, मक्याच्या दारूसकट. त्यासाठीच ही कोठारं. मका, कापड, शस्त्रं, सुकं मांस आणि चुन्यो, सगळं त्यांत भरलेलं असे.

चुन्यो तुम्हाला बाजारात बघायला मिळेल. आपल्या उन्हाळी वाळवणासारखाच प्रकार, फक्त इथे उन्हाइतकंच थंडीचं काम. हिवाळ्यात उंच पठारावर बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, ते गोठतात. दिवसा उन्हात सैल पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की खड्यांसारखे हलके, काळपट गोळे उरतात. ते वर्षानुवर्षं टिकतात. चव मात्र सवयीची आहे. मागवायचा असेल तर आधी एकाच प्लेटवर भागवा.

बटाटा मूळचा याच भागातला, हे अनेकांना ठाऊक असतं. पण एकादशीची साबुदाण्याची खिचडी आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, सगळी अमेरिका खंडातली पिकं. तिथल्या शेतकऱ्यांनी ती हजारो वर्षं जोपासली नसती तर आपला उपवास कठीणच होता.

या राज्यात गाड्याला चाक नव्हतं, लोखंड नव्हतं, घोडा-बैल नव्हते. ओझं वाहायचं ते माणसांनी नाहीतर लामांनी, आणि लामा पंचवीस-तीस किलोच्या वर फारसं उचलत नाही. तरी रस्ते ३०,००० किलोमीटरहून अधिक. २०१४ मध्ये युनेस्कोने या रस्त्यांना जागतिक वारसा ठरवलं. दऱ्यांवर गवताच्या दोरांचे झुलते पूल होते. त्यांतला आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका पूल आजूबाजूची गावं आजही दरवर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. निरोप पोचवायला चास्की नावाचे धावपटू टप्प्याटप्प्याने पळत. हिशेब लिपीत नव्हे, तर गाठी मारलेल्या दोऱ्यांत ठेवत. तो किपू. लिमाच्या संग्रहालयात किपू दिसेल तेव्हा घाईने पुढे जाऊ नका.

मग १६८ स्पॅनिश माणसांनी हे राज्य घेतलं कसं?

हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतंच. बंदुका आणि घोडे हे उत्तर अर्धंच आहे.

१५२५ ते १५२७ च्या दरम्यान वायना कापाक वारला, बहुधा युरोपीयांबरोबर खंडात शिरलेल्या देवीच्या साथीत. ठरलेला वारसही गेला. मागे राहिलेल्या दोन मुलांत, कुस्कोच्या वास्कारमध्ये आणि उत्तरेकडच्या अताहुआल्पात, गादीसाठी युद्ध जुंपलं. अताहुआल्पाच्या सरदारांनी वास्कारला नुकतंच पकडलं होतं, अशा वेळी या स्पॅनिशांचा म्होरक्या फ्रान्सिस्को पिझारो डोंगर चढून उत्तर पेरूतल्या काहामार्का गावी पोचला. तारीख होती १५ नोव्हेंबर १५३२. (पोर्तुगीजांनी गोवा घेऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती.)

दुसऱ्या दिवशी अताहुआल्पा पालखीत बसून, जवळजवळ निःशस्त्र अशा हजारो सेवकांसह चौकात आला. पाद्री वाल्वेर्देने पुढे केलेलं धर्मपुस्तक त्याने फेकून दिलं, आणि दबा धरून बसलेले स्पॅनिश तुटून पडले. संध्याकाळपर्यंत राजा कैदेत. मोठं सैन्य गावाबाहेर तसंच उभं. हुकूम देणारा एकच, आणि तो शत्रूच्या हातात. सुटकेसाठी त्याने एक खोली सोन्याने आणि दुपटीने चांदी भरून द्यायचं कबूल केलं. सोनं आलं, वितळवलं गेलं, आणि १५३३ मध्ये त्याला गळा आवळून मारलं. कैदेतूनच त्याने वास्कारला ठार करवलं होतं, त्यामुळे गादीवर सर्वमान्य असं कुणी उरलं नाही.

दुसरं कारण जिंकलेल्या लोकांचं. इंकांनी कितीतरी जमातींना मूळ गावांतून उठवून दूर वसवलं होतं. कान्यारी, वांका अशा लोकांच्या मनात जुना राग होता, ते स्पॅनिशांना मिळाले. हाउहाच्या वांका सरदारांनी पिझारोच्या माणसांना धान्य, लामा, हमाल, सगळं पुरवलं. पुढे सुमारे २५ वर्षांनी ते लिमाच्या न्यायालयात गेले आणि दिलेल्या प्रत्येक जिनसेचा हिशेब किपूवरून वाचून दाखवला. इंकांची कोठारं आणि इंकांचेच रस्ते अशा रीतीने स्पॅनिशांच्या कामी आले.

कुस्को पडलं तरी सगळं संपलं नव्हतं. पिझारोनेच गादीवर बसवलेल्या मांको इंकाने १५३६ मध्ये कुस्कोला वेढा घातला, ओयांतायतांबोला स्पॅनिशांना मागे रेटलं आणि शेवटी विल्काबांबाच्या जंगलात राजधानी केली. ती १५७२ पर्यंत टिकली. त्या वर्षी शेवटचा राजा तुपाक आमारू याला कुस्कोच्या मुख्य चौकात मारलं. तुमचं हॉटेल याच चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

कुस्कोत फिरताना भिंतींचा खालचा भाग बघा. चुना न वापरता बसवलेले दगड इंकांचे, वरचं बांधकाम स्पॅनिशांचं. सूर्यमंदिरावर बांधलेला सांतो दोमिंगोचा मठ १९५० च्या भूकंपात बराचसा ढासळला, खालच्या इंका भिंती तशाच राहिल्या.

थोडं कामाचं

कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि माचू पिच्चू २,४३० वर. म्हणून आपण विमानतळावरून थेट खालच्या खोऱ्यात मुक्कामाला जातो आणि कुस्को शेवटी घेतो. पहिल्या दिवशी धावपळ नको, पोटभर जेवण नको. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास मिळतो, पण ती पानं बॅगेत घालून भारतात आणू नका, कायद्याने बंदी आहे. माचू पिच्चूच्या दारात मूळ पासपोर्ट लागतो, झेरॉक्स चालत नाही. तिकिटावर वेळ छापलेली असते, ती गाठायची म्हणून त्या दिवशी नाश्ता पहाटेच मिळेल.