शुगर असेल तर चप्पल घेण्याआधी हे वाचा

"शुगर आहे जी, पायाले मुंग्या येतात, नरम चप्पल दाखवा." आमच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांचं बोलणं इथून सुरू होतं. चप्पल दाखवतोच. पण तिच्यानं काय होत नाही, ते आधी सांगतो.

चपलेनं पायाचा रक्तपुरवठा वाढत नाही. आठवडी बाजारात टोचऱ्या गुठळ्यांची ॲक्युप्रेशरची चप्पल 'रक्ताभिसरण सुधारते' म्हणून विकतात. शुगरवाल्याला ती आम्ही मागूनही देत नाही. ज्याच्या तळव्याला टोचलेलं कळत नाही, त्याच्याच पायाखाली टोचणारं द्यायचं, हा कुठला न्याय बाप्पा?

ठिबकच्या नळीत क्षार जमले की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, हे तुम्ही वावरात पाहिलं आहे. पायाचंही तसंच. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथे चरबी आणि कॅल्शियम बसतं, वाट अरुंद होते. शुगरमध्ये हा त्रास गुडघ्याखालच्या वाहिन्यांत जास्त, आणि बोटं तर ओळीत शेवटची. बिडी आणि तंबाखूचा खर्रा यात भर घालतात.

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की मोकळी होते. रात्री पाय दुखतो, खाटेखाली लोंबता सोडला की बरं वाटतं. पाय गार, कातडी चकचकीत, केस गळालेले. ही रक्त कमी पडल्याची लक्षणं. पण साखरेनं मज्जातंतूही बधिर होतात, त्यामुळे काहींना दुखतच नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक काका पट्टा शिवायला आले. चप्पल उलटी केली तर बाभळीचा काटा तळातून आरपार, आत ज्वारीच्या दाण्याएवढं टोक. "कधी रुतला?" "मले तं समजलंच नाही." पाय पाहिला. अंगठ्यामागे छिद्र, भोवती पांढरी कडक कातडी. त्या दिवशी चप्पल विकली नाही, ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. जखम भरायला एरवीपेक्षा कितीतरी जास्त रक्त लागतं, आणि घेतलेलं औषधही रक्तातूनच पायापर्यंत जातं.

डॉक्टर पायाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागे नाडी बघतात. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, हा आकडा 0.9 च्या खाली असेल तर पुरवठा कमी. शुगरमध्ये वाहिन्या कडक झाल्यानं तो कधी उगाच चांगला दिसतो. मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब बघतात किंवा डॉप्लर, म्हणजे वाहिनीतून रक्त कसं वाहतं ते बघायची तपासणी करतात. त्यासाठी सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठावं लागलं तरी जा.

गार पाय शेकोटीजवळ धरू नका, गरम पाण्यात बुडवू नका. भाजलेलं कळणार नाही. कुरूप ब्लेडनं कापू नका. मे महिन्यात अंगणातसुद्धा अनवाणी नको. शेगावची पायी वारी अनवाणी करायचा नवस असेल, तर तो फेडायचा दुसरा मार्ग महाराजांनाच विचारा.

आता आमच्या चपलेचं. पायाला लागणारा थर एमसीआर या नरम रबराचा, दाब पसरवणारा. खाली कडक सोल, म्हणजे काटा सहजासहजी वर येत नाही. मागे पट्टा असतोच, कारण बधिर पायातून चप्पल निसटलेली कळत नाही. अंगठा अडकवायचा बंद नसतो. कुष्ठरोगात बधिर झालेल्या पायांसाठी हीच चप्पल वापरतात, म्हणून काही जुनी माणसं नाक मुरडतात. मुरडू द्या.

मापाला संध्याकाळी या. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. नवी चप्पल पहिले काही दिवस तास-दोन तासच घाला, काढल्यावर तळवा आरशात बघा. लाल डाग दिसला तर ती परत आणा, पट्टा सैल करून देऊ, पैसे नाही. जखम, पू किंवा काळं पडलेलं बोट असेल तर आधी दवाखाना. आमचं दुकान कुठे पळत नाही. आणि येताना जुनी चप्पल घेऊन या. ती कुठे जास्त झिजली, त्यावरून पाय कुठे दबतो ते आम्हाला कळतं.