रिपोर्टमधला ‘प्रेडिक्टेड’ रकाना

स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर दोन आकडे शेजारीशेजारी असतात. रुग्णाने किती हवा फुंकली हा एक, आणि त्याने किती फुंकायला हवी होती हा दुसरा, ‘प्रेडिक्टेड’. निदान या दुसऱ्यावर टेकलेलं असतं, म्हणून तो कुठून आला हे पाहायला हवं.

लंडनमध्ये क्षय घरोघरी माणसं नेत होता, तेव्हाची गोष्ट. जॉन हचिन्सन या शल्यचिकित्सकाला रोग लवकर हेरायचा होता. त्याने पाण्यात उपडं तरंगणारं भांडं केलं. नळीतून फुंकलं की ते वर उचललं जाई. खलाशी, पोलीस, आगीचे बंबवाले, छापखान्यातले कामगार, मल्ल, कंगाल अशा २,१३० जणांना त्याने त्यात फुंकायला लावलं आणि १८४६ मध्ये निष्कर्ष मांडले. छाती भरून घेतलेला श्वास शेवटपर्यंत सोडला की जेवढी हवा निघते, तिला त्याने ‘व्हायटल कपॅसिटी’ म्हटलं. ती उंचीबरोबर वाढते असं दिसलं : दर इंचाला ८ घनइंच, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटर. अपेक्षित आकड्याचा पाया हाच.

शांत बसलेल्या माणसाच्या एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर हवा ये-जा करते. पण कितीही जोर लावून फुंकलं तरी १.२ लिटरच्या आसपास हवा आत उरतेच, नाहीतर फुफ्फुसं मिटून जातील. ही उरलेली हवा त्या भांड्याला कधीच कळली नाही. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने मात्र १८०० मध्येच हायड्रोजन श्वासात घेऊन, तो आत किती विरळ झाला यावरून ती स्वतःपुरती मोजली होती. प्रयोगशाळेत आज त्याच युक्तीसाठी हेलियम वापरतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजण्याची कल्पना फ्रान्समध्ये तिफनोने १९४७ मध्ये मांडली. दम्याच्या तपासणीत ती सर्वांत मोलाची.

अपेक्षित आकडा काढताना उंचीपाशी थांबायला हवं होतं. अमेरिकेत गुलामगिरीचा समर्थक डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट याने काळ्या माणसांची फुफ्फुसं मुळातच कमी क्षमतेची असल्याचा दावा केला, आणि वंशाचा हा हिशेब पुढे यंत्रांतच शिरला. ‘आशियाई’ अशी नोंद केली की अपेक्षित आकडा चार ते सहा टक्क्यांनी खाली येई. चुलीच्या धुराने किंवा लहानपणच्या कुपोषणाने खुरटलेलं फुफ्फुस मग सहज ‘नॉर्मल’ ठरू शकतं. हे मला फार अन्यायाचं वाटतं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकार तज्ज्ञांच्या संस्थेने वंश वगळून काढलेली सूत्रं वापरण्याची शिफारस केली ती २०२३ मध्ये.