८७ दिवसांमागची ४१ वर्षं

२०१० च्या मे महिन्याच्या अखेरीस जगभरातले लोक संगणकावर एकच दृश्य बघत बसले होते. काळाकुट्ट समुद्रतळ, रोबोच्या दिव्याचा झोत आणि तुटक्या पाइपातून तपकिरी ढगासारखं उसळणारं तेल. हे चित्रण मेक्सिकोच्या आखातात फुटलेल्या एका तेलविहिरीवरून थेट येत होतं. अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर विहिरीच्या मालकाने, बीपी या तेल कंपनीने, ते सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. बघणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न एकच : चंद्रावर जाणाऱ्या माणसाला एका पाइपाला बूच मारता येत नाही?

प्रश्न भाबडा वाटला तरी रास्त होता. बूच मारता येत होतं. पण ते मारल्यावर विहीर दुसरीकडून फुटेल, ही भीती होती आणि तिला इतिहास होता.

मुळात तेलविहीर काबूत राहते ती झाकणाने नाही, वजनाने. खोदकाम चालू असताना विहिरीत एक जड द्रव भरलेला असतो. तेलक्षेत्रातले लोक त्याला मड म्हणतात. नाव चिखलाचं, पण मोजूनमापून बनवलेलं मिश्रण. त्यात बराइटसारखी जड खनिजपूड घालून ते हवं तेवढं वजनदार करतात. खालून तेल आणि वायू जेवढ्या जोराने वर ढकलतात त्यापेक्षा मडच्या उभ्या स्तंभाचा भार किंचित जास्त ठेवायचा. फार जास्त ठेवला तर खालचा खडकच तडकतो. हा तोल बिघडला की ब्लोआउट, म्हणजे विहीर बेकाबू होऊन उसळते.

तोल बिघडलाच तर विहिरीच्या तोंडावर शेवटचा पहारेकरी असतो ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बीओपी. जेम्स अ‍ॅबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन या टेक्सासमधल्या दोघांनी १९२२ मध्ये तो बनवला. पोलादाच्या जबड्यांनी पाइप आवळायचा, किंवा कापून तोंड बंद करायचं, ही कल्पना. त्याच टेक्सासमध्ये, कॉनरो इथे, १९३४ साली जॉन ईस्टमन यांनी दुसरी युक्ती करून दाखवली. उसळणाऱ्या विहिरीपासून लांब दुसरी विहीर खणायची, ती तिरकी वळवत पहिलीच्या तळाशी न्यायची आणि खालून जड द्रव भरून तिला शांत करायचं. ही रिलीफ वेल. मराठीत आपण तहान लागल्यावर विहीर खणण्याला हसतो. तेलधंद्यात मात्र हाच खात्रीचा उपाय ठरला, फक्त त्याला महिने लागतात.

आता १९६९. २८ जानेवारीला कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्यापासून जेमतेम १० किलोमीटरवर, युनियन ऑइल कंपनीच्या प्लॅटफॉर्म ए वर, खोदकामाचा पाइप वर ओढताना विहीर उसळली. कामगारांनी तोंड बंद केलं. काम फत्ते झालं असं वाटतं न वाटतं तोच प्लॅटफॉर्मच्या आजूबाजूला समुद्र बुडबुडू लागला. वरची वाट बंद झाल्यावर दाबाने बाजूची वाट शोधली होती. विहिरीच्या भिंतींना पोलादी नळ्यांचं अस्तर असतं, त्याला केसिंग म्हणतात. या विहिरीची वरची केसिंग नियमापेक्षा आखूड होती, आणि तीही सरकारी सूट घेऊन. उघड्या राहिलेल्या मऊ थरांतून तेल घुसलं आणि समुद्रतळाला भेगा पडल्या. विहीर अकराएक दिवसांत शांत झाली, पण भेगांमधून तेल पुढे महिनोन् महिने पाझरत राहिलं. घाईने घातलेलं झाकण म्हणजे नवी गळती, हा धडा तिथला.

मेक्सिकोतलं इक्स्टॉक-१ प्रकरण मला या सगळ्यात जास्त बोलकं वाटतं, कारण २०१० चा जवळजवळ सगळा खेळ तिथे आधीच खेळून झाला होता. ३ जून १९७९ ला कंपेचेच्या उपसागरात पेमेक्स या सरकारी कंपनीच्या विहिरीत खालच्या सच्छिद्र खडकाने मड गिळून टाकलं. वरचा भार कमी झाला आणि विहीर उसळली. बीओपीचे जबडे आवळले, पण नेमका त्यांच्या समोर खोदकामाच्या पाइपाचा सगळ्यात जाड तुकडा आला होता. तो कापला जाईना. रिग, म्हणजे खोदकामाचा तरंगता फलाट, पेटली आणि बुडाली. मग मड ओतून झालं. पोलादाच्या आणि शिशाच्या हजारो गोळ्या विहिरीत सोडून झाल्या. प्रवाह काहीसा मंदावला, थांबला नाही. तोंडावर उलट्या नरसाळ्यासारखा पोलादी सांगाडा बसवला. मेक्सिकोच्या टोपीवरून त्याचं नाव ‘सोंब्रेरो’ पडलं. त्याने थोडंफार तेल पकडलं. ऑगस्टमध्ये तवंग टेक्सासच्या किनाऱ्याला लागला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, रँचो नुएव्होच्या वाळूत नुकत्याच अंड्यातून निघालेल्या रिडले कासवांची हजारो पिल्लं उचलून हवाईमार्गे स्वच्छ पाण्यात नेऊन सोडावी लागली. अखेर रिलीफ वेलच्या मदतीने २३ मार्च १९८० ला विहीर बंद झाली. तोवर साधारण ३० लाख बॅरल तेल बाहेर पडलं होतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर.

आणि तिथे पाणी किती खोल होतं? सुमारे ५० मीटर. पाणबुडे उतरू शकतील एवढंच.

इक्स्टॉकच्या दोन वर्षं आधी, १९७७ मध्ये, उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क ब्राव्होसारखी विहीर आठवड्याभरात आटोक्यात आली. पण तिथे तोंड प्लॅटफॉर्मवर, माणसाच्या हाताशी होतं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिमोर समुद्रातली मोंटारा विहीर ७४ दिवस वाहिली. तिची रिलीफ वेल पाचव्या प्रयत्नात लागली. ३ नोव्हेंबरला तिथली गळती थांबली आणि पुढच्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात स्फोट झाला.

२० एप्रिल २०१० च्या रात्री लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर डीपवॉटर होरायझन ही रिग पेटली. रिग ट्रान्सओशनची, विहीर बीपीची, नाव माकोंदो. रिगवर १२६ माणसं होती. त्यांतली ११ गेली. विहीर तात्पुरती बंद करून ठेवण्याची तयारी चालली होती. तळाचं सिमेंट धरलंय की नाही याच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि जड मड काढून त्या जागी हलकं समुद्रपाणी भरायला घेतलं. पहारेकऱ्यावर भिस्त ठेवून वजन उतरवलं, असं म्हणू या. पहारेकऱ्यानेही दगा दिला. आतला पाइप दाबाने वाकून एका बाजूला सरकला होता, त्यामुळे जबड्यांची पाती त्याला पुरती कापू शकली नाहीत. इक्स्टॉकला पाइप जाड निघाला, इथे वाकडा. एकतीस वर्षांनी घोडं त्याच जागी अडलं.

२२ एप्रिलला रिग बुडाली. विहिरीचं तोंड १,५०० मीटर खोल, म्हणजे माणूस तिथे उतरणं शक्यच नाही. जे करायचं ते दूरनियंत्रित रोबोंच्या हातांनी.

आधी बीओपीची बटणं रोबोंकडून दाबून पाहिली. मग मेच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १०० टनांची, चार मजली उंचीची पोलादी पेटी खाली सोडली. सोंब्रेरोचीच ही थोरली बहीण. ती गळतीवर ठेवायची आणि माथ्यावरच्या नळीतून तेल जहाजावर ओढायचं, असा बेत होता. पण एवढ्या खोलीवर थंडी आणि दाब इतका असतो की मिथेन वायू आणि पाणी मिळून बर्फासारखा पदार्थ तयार होतो. त्याला हायड्रेट म्हणतात. पेटी तेलावर येताच आतून या चुऱ्याचे थर जमू लागले आणि माथ्यावरचं तोंड गच्च बसलं. शिवाय हायड्रेट पाण्याहून हलकं, त्यामुळे शंभर टनांची पेटी तरंगायच्या बेताला आली. शेवटी ती उचलून बाजूला समुद्रतळावर ठेवून दिली. ५० मीटरवर चाललेली युक्ती १,५०० मीटरवर अशी गोठली.

२६ मेला टॉप किल सुरू झालं, म्हणजे वरून मड रेटायचं. जोडीला गोल्फचे चेंडू, टायरचे तुकडे, गाठी मारलेले दोर. लोकांनी याची टर उडवली. खरं तर इक्स्टॉकच्या गोळ्यांमागचाच विचार होता : अरुंद जागी अडकून राहील असं काहीतरी सोडा, म्हणजे मड टिकेल. तीन दिवसांनी हात टेकले.

इथे मला वाटतं खरं पाणी मुरलं. सुरुवातीला गळती दिवसाला १,००० बॅरल सांगितली गेली, एप्रिलअखेर ५,००० आणि टॉप किल चालू असताना सरकारी गटाने १२ ते १९ हजार. नंतरच्या सरकारी हिशेबात सुरुवातीचा आकडा ६२,००० निघाला. अशा उसळीत वरून ओतलेलं मड उलट फेकलं जाणारच. पण तेव्हा बीपीला शंका आली ती निराळीच : मड विहिरीच्या बाजूने फुटक्या केसिंगमधून खडकात तर जात नाही? तसं असेल तर वरून घट्ट झाकण लावणं म्हणजे सांता बार्बरा पुन्हा, आणि तीही दीड किलोमीटर पाण्याखाली. म्हणून झाकण लांबणीवर पडलं. मोजमापाची चूक आणि १९६९ ची आठवण, दोन्ही मिळून जूनचा महिना गेला.

जूनमध्ये बीओपीच्या वरचा पाइप कापून सैल टोपी बसवली. कापताना हिऱ्यांच्या तारेची करवत अडकली, मग प्रचंड कात्रीने काम उरकावं लागलं आणि कड वेडीवाकडी झाली. टोपीने दिवसाला १५ हजार बॅरलपर्यंत तेल गोळा केलं, तरी कडेने तेल उसळतच होतं. चित्रण बघणाऱ्यांना तेव्हाच कळलं की आधीचे आकडे कसे होते.

१५ जुलैला दुपारी नव्या घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या, कॅपिंग स्टॅकच्या, झडपा बंद झाल्या. ८७ दिवसांनी पडद्यावरचा ढग नाहीसा झाला. पण नियंत्रण कक्षात जीव टांगणीलाच होता. दाब चौरस इंचाला ८,००० पौंडांवर गेला तर विहीर धड, ६,००० खालीच राहिला तर कुठेतरी फुटलेली, असा आडाखा होता. आकडा अडकला ६,७०० च्या आसपास. ना धड, ना फुटकी. झडपा परत उघडायचा विचार सुरू झाला. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणातले शास्त्रज्ञ पॉल शे यांच्याकडे दाबाच्या आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो आला. त्यावरून रात्रभर बसून त्यांनी गणिती प्रारूप तयार केलं. तीन महिने वाहून भूगर्भातला साठाच रोडावला असेल, तर धड विहिरीतही दाब एवढाच दिसेल, असं त्यातून निघालं. झडपा बंदच राहिल्या. सरकारने एकेक दिवसाची मुदत वाढवत नेली आणि जहाजं सोनारने समुद्रतळ चाळत राहिली. भेग सापडली नाही.

पुढचं सगळं जुन्या रीतीने. प्रवाह थांबला असल्याने ३ ऑगस्टला वरून हळूहळू ओतलेलं मड या वेळी खाली बसलं. मागून सिमेंट. मेच्या सुरुवातीपासून खणत आणलेली रिलीफ वेल १६ सप्टेंबरला, समुद्रतळापासून हजारो मीटर खाली, जेमतेम वीतभर रुंदीच्या निशाण्यावर लागली. एवढी नेमकी नळी अंधारात शोधायची तर जमिनीत वीज सोडून जुन्या केसिंगभोवती तयार होणारं चुंबकीय क्षेत्र मोजत जातात. १९ सप्टेंबरला, मोहिमेचे प्रमुख अ‍ॅडमिरल थॅड अ‍ॅलन यांनी विहीर मेल्याचं जाहीर केलं. ईस्टमन यांची ७६ वर्षांपूर्वीची युक्तीच शेवटचा खिळा ठोकायला लागली.

किती तेल गेलं यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद झाला. सरकारचा आकडा एकूण ४९ लाख बॅरल, तर न्यायालयाने २०१५ मध्ये समुद्रात गेलेलं तेल ३१.९ लाख बॅरल धरलं. कॅपिंग स्टॅक आता आधीच बनवून किनाऱ्यावर तयार ठेवतात. एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन, कोनोकोफिलिप्स आणि शेल यांनी त्यासाठी वेगळी कंपनी काढायचं ठरवलं ते त्याच जुलैत.

माकोंदोचा तवंग विमानातून शोधत असताना पर्यावरणवाद्यांना जवळच दुसराच एक तवंग दिसला, ज्याचा या विहिरीशी संबंध नव्हता. तो टेलर एनर्जी या तेल कंपनीच्या प्लॅटफॉर्मचा होता. सप्टेंबर २००४ मध्ये इव्हान चक्रीवादळाने समुद्रतळाची माती घसरली, प्लॅटफॉर्म आडवा झाला आणि विहिरी गाळाखाली गाडल्या गेल्या. काही विहिरी नंतर बुजवल्या, बाकीच्या झिरपत राहिल्या. तिथे पाणी सुमारे १४० मीटर खोल. गळतीवर तेल गोळा करणारं उपकरण बसलं ते एप्रिल २०१९ मध्ये, आणि तेव्हापासून त्यात दिवसाला सुमारे १,००० गॅलन तेल जमा होऊ लागलं.