अमेरिकेतील राष्ट्रीय वनांसाठी जोडनिधी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

अमेरिकेच्या काँग्रेसने १९९० साली कायदा करून नॅशनल फॉरेस्ट फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन केली. वार्षिक विनियोजन कायद्यान्वये वन सेवेच्या (यू.एस. फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे तिथला वनविभाग) तरतुदीतून तिला रक्कम देता येते, मात्र तेवढीच रक्कम तिने खासगी देणग्यांतून उभी करावी, अशी अट असते. तिच्या ‘मॅचिंग अवॉर्ड्स प्रोग्रॅम’ या अनुदान योजनेत अशीच जोडनिधीची, म्हणजे मागितलेल्या रकमेइतकी रक्कम स्वतः उभी करण्याची, अट अर्जदार संस्थेलाही लागू होते.

अर्ज करण्यास ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमाफी मिळालेल्या ना-नफा संस्था, विद्यापीठे आणि संघराज्याने मान्यता दिलेल्या आदिवासी जमाती पात्र आहेत. व्यक्ती किंवा सरकारी कार्यालये नाहीत. तेथील मराठी मंडळाकडे हा दर्जा असेल, तर त्यालाही या निकषापुरती आडकाठी नाही. काम राष्ट्रीय वनांच्या किंवा राष्ट्रीय गवताळ प्रदेशांच्या हिताचे असावे लागते. येथे अनेकांची गल्लत होते: राष्ट्रीय वने कृषी खात्याच्या वन सेवेकडे आहेत, तर यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने ‘इंटिरियर’ नावाच्या वेगळ्या खात्याकडे. त्यामुळे उद्यानातील पायवाटेचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी तो या योजनेत बसत नाही.

खरी कसोटी जोडनिधीची आहे. मागितलेल्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर बिगर-संघीय (म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून न आलेला) आणि रोख असावा लागतो. आपल्याकडील गावपातळीवरच्या योजनांत लोकवर्गणीचा वाटा श्रमदानातूनही भरता येतो. या योजनेत तसे नाही. समजा, वीस हजार डॉलर मागितले आणि चाळीस स्वयंसेवकांनी चार रविवार दगड रचून पायवाटेची बांधबंदिस्ती केली, तरी त्या घामाची किंमत जोडनिधीत धरली जात नाही. वीस हजार रोखच दाखवावे लागतात. दुसऱ्या संघीय अनुदानाची रक्कमही त्यात चालत नाही.

कागदपत्रांत कामाचे वर्णन, तपशीलवार अंदाजपत्रक, करमाफीचे निर्धारणपत्र आणि संस्थेची आर्थिक विवरणे तयार ठेवावीत. संघीय पैसा पुढे वाटला जात असल्याने ‘युनिक एंटिटी आयडी’ हा संस्थेचा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांकही लागतो. तो सॅम (SAM.gov) या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, तेव्हा त्यासाठी शुल्क मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नये. नोंदणीत संस्थेचे कायदेशीर नाव आणि पत्ता अधिकृत कागदांवर आहे तसाच लिहावा. एका ठिकाणी ‘इन्कॉर्पोरेटेड’ आणि दुसरीकडे नुसते नाव, एवढ्या फरकानेही पडताळणी अडकू शकते.

याखेरीज, काम वन सेवेलाही हवे आहे हे दाखवणारे स्थानिक वनाधिकाऱ्यांचे पत्र मिळवावे. त्यासाठी अर्ज लिहिण्याआधीच डिस्ट्रिक्ट रेंजरला, म्हणजे त्या वनविभागाच्या स्थानिक प्रमुखाला, भेटून जागा नकाशावर दाखवावी आणि पर्यावरणविषयक परवानगीची स्थिती विचारून घ्यावी, कारण १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याखालील प्रक्रिया अपुरी असेल, तर निधी असूनही कुदळ मारता येत नाही. पश्चिमेकडील राज्यांत उन्हाळ्यात हे अधिकारी वणव्यांच्या कामात गुंतलेले असतात, म्हणून पत्राची विनंती मुदतीच्या आठवड्यावर न ठेवता बरीच आधी करावी.