‘अंकल टॉम्स केबिन’ : सज्जन मालकाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१८ सप्टेंबर १८५० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनी पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत देण्याविषयीच्या कायद्यावर सही केली. अशी तरतूद त्या देशाला नवी नव्हती. राज्यघटनेतच तिचे मूळ होते आणि १७९३ पासून तसा एक कायदाही अस्तित्वात होता. नव्या कायद्याने तिला धार आणली. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे, त्याचे प्रकरण ज्यूरीपुढे जात नसे, आणि निकाल देणाऱ्या आयुक्ताला त्या माणसाला मालकाच्या हवाली केल्यास १० डॉलर, तर सोडून दिल्यास ५ डॉलर मेहनताना मिळे. पळालेल्याला थारा देणाऱ्यास १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती; शिवाय सरकारी अधिकाऱ्याने हाक दिली तर जवळ असलेल्या कोणाही नागरिकाने पाठलागात मदत करणे बंधनकारक ठरले. उत्तरेकडच्या राज्यांतील ज्या लोकांना गुलामगिरी हा दक्षिणेचा अंतर्गत मामला आहे असे म्हणून गप्प बसता येत होते, त्यांच्या दारात हा कायदा येऊन उभा राहिला. हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी या कायद्याच्या पोटातून जन्मली, आणि मालक सज्जन असला तर गुलामगिरी सुसह्य ठरते का, हा तिच्यातला नैतिक प्रश्न नीट समजून घ्यायचा तर आधी हा कायदा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

त्यामागे अर्थातच कापसाचे राजकारण होते. १७९३ साली कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र आले आणि दक्षिणेच्या खोल भागात, मिसिसिपी आणि लुइझियानापर्यंत, कापसाचे मळे पसरले. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यास बंदी होती, त्यामुळे मळ्यांना लागणारी माणसे देशातूनच पुरवली जाऊ लागली. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी या जुन्या राज्यांत जमिनीचा कस उतरला होता आणि मालक कर्जात होते. तेथून माणसे विकत घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात नेणाऱ्या दलालांचा मोठा व्यापार उभा राहिला. उत्तर आणि दक्षिण यांच्यातील यादवी युद्धापूर्वीच्या काही दशकांत सुमारे १० लाख माणसे अशा रीतीने वरच्या दक्षिणेतून खालच्या दक्षिणेत गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मूल आईच्या दर्जाचे, म्हणजे गुलाम आईचे मूल गुलाम, हा नियम व्हर्जिनियात १६६२ पासून होता. गुलामांचे लग्न कायद्याला मान्य नव्हते. नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्यात आणि मूल तिसऱ्यात जाणे हा त्या व्यापाराचा रोजचा व्यवहार होता. १८५० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ३२ लाखांवर होती.

हॅरिएट यांचा जन्म १८११ चा, कनेक्टिकटमधील लिचफिल्ड गावचा. वडील लायमन बीचर हे नामांकित धर्मोपदेशक. १८३२ मध्ये ते सिनसिनाटी येथील लेन धर्मविद्यालयाचे प्रमुख झाले आणि सारे कुटुंब ओहायो नदीच्या काठी आले. नदीच्या अलीकडे ओहायो, तिथे गुलामगिरीला बंदी. पलीकडे केंटकी, तिथे माणसांचा लिलाव. पुढची अठरा वर्षे हॅरिएट या सीमेवर राहिल्या. १८३४ मध्ये लेनच्या विद्यार्थ्यांनी गुलामगिरीवर जाहीर वादविवाद घडवून आणला, संचालकांनी तो दडपू पाहिला आणि बहुतेक विद्यार्थी विद्यालय सोडून गेले. १८३६ मध्ये शहरातल्या जमावाने एका गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राचा छापखाना मोडून नदीत फेकला. हा जमाव गुलामगिरीला बंदी असलेल्या राज्यातला होता, हे विसरून चालणार नाही. दक्षिणेशी चालणाऱ्या व्यापारावर त्या शहराचे पोट होते. या वृत्तपत्राच्या संपादनात गॅमॅलिएल बेली हे गृहस्थ होते, आणि पुढे हीच कादंबरी त्यांनीच प्रथम छापली.

स्टो कुटुंबात कामाला असलेल्या एका तरुणीला तिचा जुना मालक शोधत आला आहे असे कळल्यावर हॅरिएट यांचे पती कॅल्विन स्टो आणि भाऊ हेन्री यांनी तिला रात्री गाडीतून शहराबाहेर, जॉन व्हॅन झँट या शेतकऱ्याच्या घरी पोहोचवले होते. कादंबरीतला रात्रीच्या चिखलातला प्रवास इथून आला. बर्फाच्या लाद्यांवरून मुलाला कवटाळून नदी ओलांडणाऱ्या, कादंबरीतल्या एलायझा या गुलाम स्त्रीचा प्रसंगही कल्पनेतला नव्हे. रिप्ली गावचे पाद्री जॉन रँकिन यांच्या आश्रयाला आलेल्या एका स्त्रीची ती हकिगत होती.

जुलै १८४९ मध्ये सिनसिनाटीत पटकीची साथ होती. पती आजारपणामुळे दूर, आणि घरात हॅरिएट यांचा दीड वर्षांचा मुलगा चार्ली त्या साथीत दगावला. मूल हिरावले जाते तेव्हा गुलाम आईला काय वाटत असेल ते मला त्याच्या मृत्युशय्येजवळ आणि थडग्याजवळ कळले, अशा अर्थाचे त्यांनी नंतर एका पत्रात लिहिले. दुःखातून सहानुभूती येते हे सर्वांना ठाऊक आहे. हॅरिएट यांनी त्यापुढचे पाऊल टाकले, ते म्हणजे आपले मूल आजाराने गेले आणि गुलाम आईचे माणसांनी कायदेशीरपणे विकले, हा फरक त्यांनी नजरेआड होऊ दिला नाही.

१८५० मध्ये कॅल्विन यांना मेन राज्यातील बोडन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब ब्रन्सविकला गेले. त्याच वर्षी नवा कायदा आला. बोस्टनहून त्यांच्या भावजयीने पत्र पाठवले की मला तुझ्यासारखी लेखणी चालवता आली असती, तर गुलामगिरी किती शापित गोष्ट आहे हे साऱ्या राष्ट्राला जाणवेल असे काही मी लिहिले असते. एप्रिल १८५१ मध्ये त्याच बोस्टनमधून टॉमस सिम्स या तरुणाला पकडून, सशस्त्र पहाऱ्यात बंदरापर्यंत नेऊन जॉर्जियाला परत धाडण्यात आले. ५ जून १८५१ पासून बेली यांच्या वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल इरा’ साप्ताहिकात कथा क्रमशः सुरू झाली. काही अंकांत संपेल असे ठरलेले लेखन १ एप्रिल १८५२ पर्यंत चालले. ‘वस्तू ठरलेला माणूस’ अशा अर्थाचे उपशीर्षक सुरुवातीला योजले होते. नंतर ते बदलून ‘दीनदुबळ्यांमधील जीवन’ अशा अर्थाचे ठेवले गेले. माझ्या मते पहिले उपशीर्षकच कादंबरीच्या गाभ्याला धरून होते.

कारण कथा सुरू होते ती एका सभ्य घरात. केंटकीचे शेल्बी हे दयाळू मालक. टॉम त्यांचा विश्वासू कारभारी. शेल्बींचे व्यवहार अंगाशी येतात, त्यांचे कर्जरोखे हेली नावाच्या दलालाच्या हाती पडतात, आणि ते फेडण्यासाठी टॉम आणि एलायझाचा लहानगा हॅरी विकले जातात. कोणी चाबूक उगारलेला नाही, कोणी शिवीही दिलेली नाही. दोन माणसे मेजाशी बसून, मद्याचे पेले समोर ठेवून हिशेब मिटवत आहेत. पुढे टॉम न्यू ऑर्लिन्सच्या सेंट क्लेअर यांच्याकडे जातो. ते गुलामगिरीचे दोष मालकवर्गातल्या कोणाहीपेक्षा स्पष्ट ओळखतात, मुलगी इव्हाच्या मृत्यूनंतर टॉमला मुक्त करण्याचे वचनही देतात, पण कागद पुरे होण्याआधी एका मारामारीत, दोघांना सोडवताना, मारले जातात. आणि त्यांची पत्नी टॉमला बाजारात पाठवते. मालकाचा चांगुलपणा हा गुलामाचा हक्क नसतो, तो मालकाच्या कर्जाबरोबर किंवा आयुष्याबरोबर संपतो, हे लेखिका दोनदा, दोन वेगवेगळ्या वाटांनी सिद्ध करते. रेड नदीकाठचा क्रूर मळेवाला सायमन लेग्री त्यानंतर येतो. वाचकांना तोच अधिक लक्षात राहिला, आणि ते एका अर्थी दुर्दैवच आहे. लेग्रीला दोषी ठरवून मोकळे होणे फार सोपे असते. लेग्री न्यू इंग्लंडमध्ये, धर्मशील आईच्या हाताखाली वाढलेला दाखवला आहे, आणि व्हरमाँटहून आलेल्या, गुलामगिरीचा तिटकारा असलेल्या मिस ऑफिलियाला टॉप्सी या काळ्या मुलीचा स्पर्श मात्र सहन होत नाही. लेखिकेने उत्तरेला कुठेच सूट दिलेली नाही.

कायद्याचा प्रश्न सर्वांत थेट येतो तो ओहायोचे सिनेटर बर्ड यांच्या घरात. त्यांनी पळालेल्यांना मदत करण्याविरुद्धच्या कायद्याला नुकतेच मत दिले आहे आणि पत्नी मेरी त्यांना जाब विचारते आहे. राष्ट्रहित, भावनेच्या आहारी न जाणे, असे सारे मुद्दे सिनेटर मांडतात. तेवढ्यात रक्ताळलेल्या पायांची एलायझा स्वयंपाकघरात येऊन पोहोचते. तुमचे मूल कधी गेले आहे का, असे ती मेरीला विचारते. त्या घरातले मूल महिन्यापूर्वीच पुरलेले असते. मेरी खण उघडून त्याचे जपून ठेवलेले कपडे हॅरीसाठी बांधून देते आणि सिनेटर स्वतः त्या रात्री गाडी जोडतात. स्वतःच्या मताविरुद्ध वागणारा हा माणूस त्या रात्री प्रथमच न्यायाने वागतो.

सज्जन माणूस आणि अन्यायी कायदा यांचे हे नाते हॅरिएट यांनी कल्पनेवर सोडले नाही. कादंबरी खोटी आहे असा ओरडा झाल्यावर १८५३ मध्ये त्यांनी आधारांचे एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. नॉर्थ कॅरोलायनातील १८२९ चा एक खटला त्यात येतो. ईडंटन येथे जॉन मान याने लिडिया नावाची गुलाम स्त्री भाड्याने कामाला घेतली होती. शिक्षा होत असताना ती पळू लागली आणि त्याने तिच्यावर गोळी झाडली. स्थानिक ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश टॉमस रफिन यांनी ती शिक्षा रद्द केली: गुलामाची शरणागती पूर्ण व्हायची तर मालकाची सत्ता अनिर्बंध असली पाहिजे. या तत्त्वाचा कठोरपणा आपल्याला टोचतो, हेही रफिन यांनी त्याच निकालपत्रात लिहून ठेवले. हॅरिएट यांना या माणसात दुष्टपणा दिसला नाही. व्यवस्थेत राहून प्रामाणिकपणे विचार केला की तर्क कुठे नेतो, ते त्यांना दिसले, आणि म्हणूनच त्या निकालाची त्यांना एवढी धडकी भरली.

२० मार्च १८५२ रोजी बोस्टनच्या जॉन ज्युएट यांनी पुस्तक दोन खंडांत काढले. पहिल्या वर्षात अमेरिकेत सुमारे ३ लाख प्रती खपल्या, ब्रिटनमध्ये त्याहून कितीतरी अधिक. दक्षिणेतून उत्तरादाखल गुलामगिरीची भलामण करणाऱ्या कादंबऱ्यांची रांग लागली. सॅम्युएल ग्रीन या मेरीलँडमधील स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाला हे पुस्तक बाळगल्याबद्दल १८५७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. १८६२ मध्ये, राज्य सोडून जाण्याच्या अटीवर, त्यांची सुटका झाली. या पुस्तकाने युद्ध पेटवले असे अब्राहम लिंकन हॅरिएट यांना भेटीत म्हणाल्याची आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते, पण त्या उद्गारांना समकालीन पुरावा नाही. युद्धाची कारणे एका पुस्तकात मावणारी नव्हती. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली. अमेरिकेतील या लढ्याचे पडसाद पुण्यापर्यंत आले होते: १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला आणि त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली.

कादंबरीवरचे आक्षेपही तिच्याइतकेच जुने आहेत. टॉम हा मूळ पुस्तकात धट्टाकट्टा, लहान मुलांचा बाप आहे. एका स्त्रीला फटके मारण्यास तो नकार देतो, आणि लेग्रीच्या तावडीतून पळालेल्या कॅसी व एमेलिन या गुलाम स्त्रियांचा ठावठिकाणा न सांगता मार खाऊन मरतो. नाटकांनी त्याला म्हातारा, लाचार करून टाकले. त्या काळी कादंबरीच्या नाट्यरूपांतराचा हक्क लेखकाकडे नसल्याने हॅरिएट यांना ते थांबवताही आले नाही. म्हणून टॉमचे नाव पुढे शिवीसारखे वापरले गेले, त्याचा सगळा दोष पुस्तकाचा नाही. पण बराचसा आहे. काळे लोक स्वभावतःच सौम्य आणि धर्मभोळे असतात ही लेखिकेची समजूत पानोपानी दिसते, आणि एलायझाचा नवरा जॉर्ज हॅरिस याच्यासारख्या बुद्धिमान, बंडखोर तरुणाला ती शेवटी आफ्रिकेतील लायबेरियात धाडते. मार्टिन डेलनी या कृष्णवर्णीय लेखकाने यावर त्याच वेळी कडक टीका केली. आमच्याविषयी गोऱ्यांना काही ठाऊक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गुलामगिरीतून पळून आलेले वक्ते व संपादक फ्रेडरिक डग्लस यांनी पुस्तकाचे सामर्थ्य ओळखून त्याची पाठराखण केली, तरी काळ्यांना देशाबाहेर धाडण्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. जवळपास शंभर वर्षांनंतर, १९४९ मध्ये, कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी भावुकता ही माणसाला माणूस म्हणून न पाहण्याची एक तऱ्हा असते असा मुद्दा या पुस्तकापुढे ठेवला, आणि तो खोडून काढणे सोपे नाही.

त्या काळातील सर्वांत बोलका आक्षेप हॅरिएट जेकब्ज यांनी लेख न लिहिता नोंदवला. त्याही ईडंटनच्याच, तिथेच गुलाम म्हणून जन्मलेल्या. मालकाच्या वासनेपासून सुटण्यासाठी आजीच्या घराच्या छपराखालच्या, उभेही राहता येणार नाही एवढ्या जागेत त्या सुमारे सात वर्षे लपून राहिल्या आणि १८४२ मध्ये उत्तरेला पळाल्या. आपली हकिगत लिहिण्यासाठी स्टो यांची मदत मिळेल का, अशी विचारणा त्यांनी केली, तेव्हा ती खरी असल्यास आपल्या आधारग्रंथात घालू, असे उत्तर आले, आणि शहानिशेसाठी ती हकिगत, जेकब्ज तेव्हा ज्यांच्या घरी नोकरी करत, त्या बाईंकडे धाडली गेली. दुखावलेल्या जेकब्ज यांनी ती देण्यास नकार दिला, रात्रीचा वेळ काढून स्वतःच पुस्तक लिहिले आणि १८६१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केले. गुलाम स्त्रीच्या शीलाचा न्याय स्वतंत्र स्त्रीच्या मापाने करता येणार नाही, असे त्यात त्यांनी स्पष्टपणे मांडले. स्टो यांनी कॅसीच्या पात्रातून या प्रश्नाला स्पर्श केला होता. जेकब्ज यांनी तो प्रथमपुरुषी, स्वतःच्या निवडीची जबाबदारी घेऊन लिहिला.