अलेक्झांडर, आर्थर

अलेक्झांडर, आर्थर : (१० मे १९४०–९ जून १९९३). अमेरिकेच्या अलाबामा राज्यातला कृष्णवर्णीय गायक आणि गीतकार; रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतप्रकारात तो गाई. बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स हे ब्रिटिश बँड आणि अमेरिकी गायक बॉब डिलन या तिघांनीही त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. असे भाग्य दुसऱ्या कुणा गीतकाराच्या वाट्याला क्वचितच आले असेल. तरी ही गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांतल्या बहुतेकांना ती मुळात कुणाची हे ठाऊक नसते.

त्याचा जन्म शेफील्ड गावचा. टेनेसी नदीच्या काठी शेफील्ड, फ्लॉरेन्स, टस्कम्बिया आणि मसल शोल्स ही चार गावे एकमेकांना खेटून आहेत. ‘ब्लूजचा जनक’ म्हणून ओळखला जाणारा डब्ल्यू. सी. हँडी फ्लॉरेन्सचाच. अलेक्झांडरचे वडील गिटार वाजवत. घरी त्याला ‘जून’ म्हणत; ‘ज्युनियर’चे हे लाडके रूप. हॉटेलात पाहुण्यांचे सामान उचलण्याची नोकरी करता करता तो गाणी रचू लागला. फ्लॉरेन्समध्ये एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर टॉम स्टॅफर्डने होतकरू वादक-गीतकारांचा अड्डा जमवला होता. अलेक्झांडरही तिथे जाऊ लागला. तो काळा, तिथले बहुतेक जण गोरे. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी बसून जेवणेही मुश्कील असलेल्या अलाबामात हे साधे नव्हते. १९६० मध्ये ‘जून अलेक्झांडर’ या नावाने त्याची ‘सॅली सू ब्राऊन’ ही पहिली तबकडी निघाली. ती फारशी चालली नाही.

पुढच्या वर्षी रिक हॉल या निर्मात्याने मसल शोल्समध्ये तंबाखूच्या जुन्या गोदामात थाटलेल्या स्टुडिओत त्याचे ‘यू बेटर मूव्ह ऑन’ ध्वनिमुद्रित केले. साथीला नॉर्बर्ट पुटनम (बास), डेव्हिड ब्रिग्ज (पियानो), जेरी कॅरिगन (ड्रम) ही विशीही न गाठलेली गोरी पोरे. गाण्यातला नायक गरीब आहे. आपल्या मैत्रिणीमागे लागलेल्या पैसेवाल्याला तो बजावतो, की तू आता निघालेला बरा. यात ओरडा नाही, धमकीही नाही. ड्रम दबका, गिटार मोजकी, आणि आवाज असा की रागापेक्षा त्यातला मिनतवारीचा सूरच आधी कानावर येतो. अलेक्झांडरला कंट्री संगीताची ओढ होती. गोष्ट सांगावी तसे साध्या शब्दांत गाणे ही त्याची खासियत तिथूनच आलेली असावी. हॉल टेप घेऊन नॅशव्हिलला गेला, बऱ्याच नकारांनंतर डॉट या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने ती घेतली आणि १९६२ मध्ये गाणे लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी बिलबोर्ड यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत चढले. त्या कमाईतून हॉलने ॲव्हलॉन अव्हेन्यूवर नवा ‘फेम’ स्टुडिओ बांधला. पुढे विल्सन पिकेट, एटा जेम्स आणि अरेथा फ्रँकलिन तिथे गायल्या-गाजल्या. मसल शोल्सच्या नावलौकिकाचा पाया अशा रीतीने एका हॉटेलातल्या पोऱ्याच्या गाण्यावर उभा आहे.

पुढची गाणी नॅशव्हिलमध्ये मुद्रित झाली. त्यांतले १९६२ चे ‘ॲना (गो टू हिम)’ सर्वांत महत्त्वाचे. रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिल्या दहांत पोचले. सर्वसाधारण यादीत मात्र पार खाली राहिले. प्रेयसी म्हणते, दुसऱ्याचे माझ्यावर तुझ्याहून जास्त प्रेम आहे. तो तिला थांबवत नाही. माझी अंगठी तेवढी परत कर आणि जा, म्हणतो. आधीच्या गाण्यातला माणूस हटायला तयार नव्हता, हा स्वतःच बाजूला होतो. दोन गाणी लागोपाठ ऐकली, की एकाच गोष्टीचे दोन अंक वाटतात.

लिव्हरपूलच्या पोरांनी, म्हणजे बीटल्सने, या तबकड्या अक्षरशः घोटल्या होत्या. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लंडनमध्ये बीटल्सने पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात उरकली, त्यांत ‘ॲना’ होते. सर्दीने घसा बसलेला जॉन लेनन ते गायला. मूळ गाण्यात पियानोवर वाजणारी सुरावट जॉर्ज हॅरिसनने गिटारवर घेतली आहे. दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकली तर ती उचल लगेच कळते. ‘सोल्जर ऑफ लव्ह’ आणि ‘अ शॉट ऑफ रिदम अँड ब्लूज’ ही इतरांनी लिहिलेली, पण अलेक्झांडरने गायलेली गाणीही ते बीबीसीवर वाजवत. रोलिंग स्टोन्सने जानेवारी १९६४ मध्ये ‘यू बेटर मूव्ह ऑन’ काढले. गंमत अशी, की ‘ॲना’च्या मुद्रणाला नेमके एक वर्ष झाले त्या दिवशी, ११ फेब्रुवारी १९६४ ला, वॉशिंग्टनमध्ये बीटल्सचा पहिला अमेरिकी जलसा झाला आणि त्यांच्या आधी मंचावर आलेल्या टॉमी रो या गायकाच्या साथीला होते तेच पुटनम, ब्रिग्ज आणि कॅरिगन.

अलेक्झांडरला स्वतःला याचा फायदा जवळजवळ झाला नाही. तबकड्या निघत राहिल्या, खपत नव्हत्या. प्रकृती आणि मन दोन्ही मधूनमधून दगा देत होते. १९७२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने एक सुरेख अल्बम काढला. पुढे एल्व्हिस प्रेस्लीने गाजवलेले ‘बर्निंग लव्ह’ त्यात आधी येऊन गेले, पण फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. १९७५ मध्ये ‘एव्हरी डे आय हॅव टू क्राय सम’ हे स्वतःच लिहिलेले जुने गाणे त्याने गायले, ते ४५ व्या क्रमांकावर थांबले. त्यानंतर त्याने संगीताचा व्यवसायच सोडला आणि क्लीव्हलंडमध्ये एका समाजसेवी संस्थेची बस चालवू लागला. १९८८ मध्ये डिलनने ‘सॅली सू ब्राऊन’ गायले, तेव्हाही तो गाण्यापासून दूरच होता.

नव्वदीच्या सुरुवातीला चाहत्यांनी त्याला पुन्हा माइकपुढे आणले. बेन व्हॉनच्या निर्मितीखाली, डॅन पेन, स्पूनर ओल्डहॅम, डॉनी फ्रिट्स या जुन्या दोस्तांच्या साथीने १९९३ मध्ये ‘लोन्ली जस्ट लाइक मी’ हा अल्बम निघाला. आवाज किंचित खाली उतरला होता, बोलल्यासारखे गाणे तेच होते. समीक्षकांनी वाखाणणी केली, कार्यक्रम ठरू लागले. अल्बम येऊन काही महिनेच झाले होते, तोच ९ जून रोजी नॅशव्हिलमध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्या शेवटच्या अल्बममध्ये ‘सॅली सू ब्राऊन’ही आहे, तेहतीस वर्षांनी पुन्हा गायलेले. या वेळी तबकडीवर त्याचे पूर्ण नाव होते.